थंडीआधी घराची तयारी: हीटर सगळ्यात शेवटी घ्या

प्रश्न असा आहे: उतरत्या छपराचं जुनं घर आहे, वर माळा आहे. गेल्या हिवाळ्यात कितीही हीटर लावले तरी खोल्या उबदार होईनात, काचांवरून पाणी ओघळायचं, कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी आली आणि एका कडाक्याच्या रात्री माळ्यावरचा पाण्याचा पाइप फुटला. यंदा थंडी पडायच्या आधी मोठा हीटर घ्यावा, खिडक्या बदलाव्यात की माळ्यावर ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा, ऊब अडवणारा मऊ थर) टाकावं? आणि सुरुवात कुठून करावी?

थंड हवेतल्या घरांची दुरुस्ती हेच माझं काम आहे, म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. हीटर सगळ्यात शेवटी. खिडक्या बदलायचा विचार त्याच्या जरा आधी. पहिलं काम म्हणजे खोल्या आणि माळा यांच्यामधल्या फटी बुजवणं, मग माळ्यावरच्या पाइपांची सोय, मग ग्लासवूल. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण घरात एका जागी काम केलं की दुसऱ्या जागची परिस्थिती बदलते. क्रम चुकला तर चांगल्या हेतूनं केलेलं कामच नवं नुकसान करतं. तुमच्या चार तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचं मूळ बरंचसं एकच आहे: घरातली गरम, दमट हवा नको त्या वाटेनं आणि नको त्या जागी जाते आहे.

गरम हवा हलकी असते, ती वर चढते. छताला जिथे जिथे भोक असेल तिथून ती माळ्यावर निसटते, आणि जेवढी वर गेली तेवढीच थंड हवा खालून आत ओढली जाते. दाराच्या उंबरठ्यापाशी, जमिनीलगतच्या फटींतून, पाइप आत येतात त्या भोकांतून. सगळं घर धुराड्यासारखं ओढ घेत राहतं, आणि बाहेर जितकी थंडी जास्त तितकी ही ओढ जोरात. पायांना गार झोत लागतो तेव्हा माणूस साहजिकच दाराखाली पट्टी लावतो. ती लावावीच. पण वरचं तोंड उघडं असेल तर हवा खालून दुसरी वाट काढते. म्हणून आधी वर जायचं.

माळ्यावर बॅटरी घेऊन जा आणि या जागा बघा: माळ्यावर चढायच्या झडपेची चौकट, दिव्यांसाठी आणि वायरींसाठी पाडलेली भोकं, सांडपाण्याचे आणि हवेचे उभे पाइप, आतल्या पोकळ भिंतींची वरची टोकं, आणि धुराड्याभोवतीची मोकळी जागा. आधीपासून थोडंफार ग्लासवूल असेल तर ते उचलून पाहा. जिथे ते काळपट, मळकट झालंय तिथे खाली हमखास फट असते, कारण तिथून वर्षानुवर्षं हवा गाळून गेलेली असते आणि धूळ मागे राहिलेली असते. ही खूण मला कुठल्याही यंत्राइतकी भरवशाची वाटते. खालच्या खोल्यांसाठी वाऱ्याचा दिवस निवडा, सगळी दारं-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू करा आणि पेटलेली उदबत्ती चौकटींच्या कडेनं, स्विचबोर्डांसमोरून, कोपऱ्यांतून हळूहळू फिरवा. धूर आडवा झाला की खडूनं खूण करा. हे करताना लाकडाची भट्टी किंवा गॅसचा बॉयलर चालू नको. फॅनच्या ओढीनं त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो.

बुजवायचं कशानं? बोटाच्या पेरापेक्षा कमी रुंदीच्या फटीला सीलंट, त्याहून मोठ्या भोकाला फवाऱ्याचा फोम, आणि खूपच मोठी जागा असेल तर कडक फोमचा तुकडा कापून बसवून त्याच्या कडा सीलंटनं बंद करायच्या. धुराड्याभोवती मात्र यातलं काहीही चालत नाही. तिथे पत्रा आणि उष्णतेला टिकणारं सीलंटच हवं, आणि लाकूड, फोम किंवा जळू शकेल असं काहीही त्याला टेकता कामा नये. झडपेला चहूबाजूंनी रबरी पट्टी, वरून फोमचा जाड तुकडा आणि ती पट्टीवर दाबून बसेल असा खिट्टा. मी पाहिलेल्या घरांमध्ये या एका झडपेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालेलं असतं.

आता ग्लासवूल. त्याचं काम काय ते नीट समजलं की ते कुठे चालतं आणि कुठे नाही हे आपोआप कळतं. ऊब अडवून ठेवायचं काम त्याच्या तंतूंमध्ये अडकलेली स्तब्ध हवा करते. स्तब्ध हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विन, ग्लासवुलाची ०.०४ च्या आसपास, काचेची जवळपास १ आणि साध्या काँक्रीटची त्याहून जास्त. पाण्याची ०.६, म्हणजे स्तब्ध हवेच्या वीसपटीहून अधिक. यातून दोन गोष्टी निघतात. ग्लासवुलातून वारा वाहू लागला की त्याचा उपयोग संपला, म्हणून फटी आधी. ते ओलं झालं की उपयोग संपला, म्हणून छपरातून पाणी गळत असेल तर तेही ग्लासवुलाआधी थांबवायचं. दाबून कोंबलेलं ग्लासवूलही वाया जातं, कारण दाबून आपण हवाच काढून टाकतो.

जाडीबद्दल एवढं लक्षात ठेवा की पहिला थर सगळ्यात जास्त देतो. उघड्या छतावर १० सेंटिमीटर टाकले की उष्णतेच्या गळतीचा मोठा वाटा थांबतो. ते २० केले की उरलेली गळती साधारण निम्मी होते. ४० केले की त्याच्या निम्मी. बर्फाळ देशांत माळ्यावर २५ ते ३० सेंटिमीटर टाकतात, आणि पहिल्यांदाच काम करत असाल तर तिथपर्यंत जायला हरकत नाही. पण छपराच्या वळचणीला हवा आत यायच्या ज्या जागा असतात त्या झाकू नका. माळा हवेशीरच राहायला हवा, म्हणजे चुकून वर गेलेलं बाष्प बाहेर पडतं. बाष्परोधक कागद वापरत असाल तर थंड प्रदेशात तो उबेच्या बाजूला, म्हणजे ग्लासवुलाच्या खाली, छताला लागून येतो. वरून अंथरला तर ओल आतच कोंडली जाते.

आणि इथेच तुमच्या फुटलेल्या पाइपाचा प्रश्न येतो. आजवर तुमचा माळा खालून निसटणाऱ्या उबेवर थोडाफार गरम राहत होता. फटी बुजवून ग्लासवूल टाकलं की ती ऊब खोल्यांतच राहील आणि माळा बाहेरइतकाच गार होईल. खोल्यांसाठी हे उत्तम, पण तिथल्या पाइपांसाठी घातक. गेल्या वर्षी जो पाइप एकदा फुटला तो यंदा, तसाच ठेवला तर, आणखी लवकर गोठेल. म्हणून ग्लासवूल येण्याआधी पाइपांचा निकाल लावायचा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ते माळ्यावरून काढून आतल्या भिंतीतून नेणं. जमत नसेल तर पाइप छताला लागून खाली घ्या आणि ग्लासवूल त्यांच्यावरून टाका, म्हणजे ते उबेच्या बाजूला राहतात. माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर तिच्या बाजू आणि झाकण गुंडाळा, पण तिच्या खालची जागा मोकळी सोडा. खालून येणारी थोडी ऊबच तिला गोठण्यापासून वाचवते. पाइपांभोवती फोमची नळी चढवली की झालं, असं बरेच जण मानतात. ती नळी उष्णता तयार करत नाही, गोठायला लागणारा वेळ तेवढा वाढवते. रात्रभराच्या थंडीला ती पुरते, सलग आठवडाभर उणे तापमान असेल तर नाही. तिथे थर्मोस्टॅट असलेली विजेची गरम पट्टी लागते, आणि ती पाइपावर एकावर एक गुंडाळायची नसते. तशी गुंडाळली तर ती तापून जळू शकते.

पाइप फुटतो कसा, हे बहुतेकांना वेगळंच वाटतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे खरं. पण बर्फ जिथे झाला तिथेच पाइप चिरतो असं नाही. आधी पाइपात बर्फाचा बूच तयार होतो, मग तो वाढत जातो आणि त्याच्या पुढचं पाणी बंद नळापर्यंतच्या जागेत कोंडलं जातं. त्याला जायला वाट नसल्यानं दाब प्रचंड वाढतो आणि सगळ्यात कमजोर जागा फुटते, कधी कधी बर्फापासून बरीच लांब, चक्क उबदार भिंतीत. म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळ बारीक थेंब-थेंब चालू ठेवणं उपयोगी पडतं: वाहतं पाणी उशिरा गोठतं हे आहेच, पण खरा फायदा असा की दाब साठायला जागाच उरत नाही. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या बेसिनखालच्या कपाटाची दारं अशा रात्री उघडी ठेवा, खोलीची ऊब तिथपर्यंत पोचू द्या.

फुटलेलं लगेच कळत नाही, कारण बर्फाचा बूच तिथे पाणी अडवून असतो. तो वितळला की पाणी सुटतं, आणि तेव्हा घरात कुणी नसेल तर मोठा घात होतो. त्यामुळे थंडीआधी करायच्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे: पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा, तो पूर्ण फिरतो का ते आजच बघा, अडकत असेल तर बदलून घ्या, आणि घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, तो बंद करायला शिकवा. गोठलेला पाइप सापडला तर मेन बंद करा, त्या पाइपाचा नळ उघडा आणि नळाच्या बाजूनं सुरुवात करून गोठलेल्या भागाकडे जात केस वाळवायच्या ड्रायरनं किंवा गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यांनी ऊब द्या. तिथे पाणी साचलेलं असेल तर ड्रायर नको, फडकीच. ज्योत कधीही नाही. त्यानं घरं जळाली आहेत.

बाहेरच्या नळांचं काम सोपं आहे. होजपाइप काढून ठेवा, आतला व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरचा नळ उघडून पाणी निथळू द्या आणि तो उघडाच ठेवा. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर मेन बंद करून सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा, फ्लशच्या टाक्याही. सांडपाण्याच्या वळणदार नळीत जे पाणी उरतं त्यासाठी विषारी नसलेलं, प्रोपिलीन ग्लायकॉलवालं गोठणरोधक मिळतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते घरात आणू नका. छपरावर सौर वॉटर हीटर असेल तर त्याच्या पॅनेलमधलं पाणीही याच नियमानं फुगतं. ते रिकामं करता येतं का, की त्यात गोठणरोधक आहे, हे आधी तपासून घ्या.

आता ओल आणि बुरशी. २० अंश तापमानाची हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, शून्य अंशाची जेमतेम ५ ग्रॅम. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर साधारण ९ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी धरायला लागतं. एकेरी काच थंड रात्री त्याखाली सहज जाते. भिंतीवर बुरशी यायला तर पाणी दिसावंही लागत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की पुरतं. कपाटामागे नेमकं हेच होतं: खोलीची ऊब तिथे पोचत नाही, बाष्प मात्र पोचतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर नाही तरी निदान चार-पाच बोटं पुढे ओढा. बुरशी पुसून रंग मारल्यानं काही होत नाही, तीच भिंत गार राहिली तर ती पुन्हा येते.

बाष्प येतं ते आपल्याकडूनच, श्वासातून, आंघोळीतून, स्वयंपाकातून आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून. धुराची नळी नसलेला गॅस हीटर यात मोठी भर घालतो: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी बाष्परूपानं खोलीत येतं. म्हणजे काच ओली होते म्हणून खोली तापवायला जावं आणि त्याच हीटरनं खोली आणखी दमट करावी, असं चक्र चालू होतं. एक साधा आर्द्रतामापक आणा आणि आकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. यानं घर गार पडतं ही भीती अनाठायी आहे. हवेत उष्णता फार थोडी असते, ती भिंतींत आणि सामानात साठलेली असते. खिडक्या लावल्या की नवी कोरडी हवा लवकर तापते. उलट दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवली तर तिच्याभोवतीची भिंत गारठते आणि तिथेच बुरशी धरते. फटी बुजवल्यावर हे हवा खेळवणं जास्तच गरजेचं होतं. आणि न्हाणीघराच्या एक्झॉस्ट फॅनची नळी थेट बाहेर जाते का ते बघा. कित्येक घरांत ती माळ्यावरच सोडून दिलेली असते, आणि सगळं बाष्प छपराच्या वाशांवर जाऊन गोठतं.

खिडक्यांबद्दल मी थोडक्यात सांगतो. एकेरी काचेपेक्षा दुहेरी काच जवळपास निम्मी उष्णता घालवते, हे बरोबर. पण खिडक्यांचं क्षेत्रफळ छताच्या मानानं कमी असतं आणि बदलायचा खर्च मोठा, त्यामुळे चौकटी कुजलेल्या नसतील तर यंदा नको. उघडणाऱ्या तावदानांना रबरी पट्टी, काच बसवायची जुनी पुट्टी सुटली असेल तर नवी, आतल्या बाजूनं ताणून बसवायची पारदर्शक फिल्म, आणि जमिनीपर्यंत येणारे जाड पडदे एवढं करा. पडदे रात्री ओढायचे, उन्हाच्या बाजूचे दिवसा उघडायचे, आणि खोली तापवणारा रेडिएटर पडद्याआड जाऊ द्यायचा नाही. थर्मामीटर २० दाखवत असूनही तुम्हाला हुडहुडी भरते त्याचं कारण बहुधा गार काच आणि गार भिंत हेच आहे. शरीराला जाणवणारं तापमान हवेच्या आणि भोवतालच्या पृष्ठभागांच्या तापमानाच्या साधारण मधलं असतं. पृष्ठभाग उबदार केले की हवा कमी तापवूनही बरं वाटतं.

बाहेरची कामं पानगळ संपली की लगेच करा. पन्हळी साफ करा, कौलं किंवा पत्रे सरकलेले असतील तर बसवून घ्या, आणि भिंतीतल्या भेगा भरा, कारण त्यात शिरलेलं पाणी दर रात्री गोठून भेग रुंदावत नेतं. बर्फ पडणाऱ्या जागी वळचणीला बर्फाचा बांध तयार होत असेल तर तो छपराचा दोष समजू नका. माळ्यावर निसटलेली ऊब छपरावरचा बर्फ वितळवते, ते पाणी गार वळचणीवर येऊन पुन्हा गोठतं, आणि त्यामागे तुंबलेलं पाणी कौलांखाली शिरतं. इलाज तोच, फटी आणि ग्लासवूल. बॉयलरची बाहेर निघणारी धुराची नळी मात्र जोराच्या बर्फानंतर दर वेळी मोकळी करायलाच हवी.

जे जळतं त्याबद्दल हयगय करू नका. धुराडं थंडीआधी साफ करून तपासून घ्या, लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचंच जाळा, कारण ओल्या लाकडाचा डांबरी थर आतून बसतो आणि तो पेट घेतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको, रात्री तर मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर एकाच वेळी घरातल्या अनेकांना होऊ लागली आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-तापाचा विचार करत बसू नका; सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म बसवा. जनरेटर घराबाहेर, दारा-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब.

हे सगळं झाल्यावर हीटर. विजेचा कुठलाही साधा हीटर, तेलाचा असो वा पंख्याचा, २,००० वॅटला २,००० वॅटच उष्णता देतो. महागडा घेतला म्हणून जास्त मिळत नाही. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून खर्चलेल्या विजेच्या दोन ते चार पट देतो. २,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर खेचतो, त्यामुळे तो एक्स्टेंशन बोर्डवर लावायचा नाही, आणि त्याच्यापासून कपडे-पडदे निदान एक मीटर दूर. घर किती तापवायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये थंड हवामानातल्या घरांसाठी किमान १८ अंश सुचवले आहेत. घरात तान्हं बाळ, म्हातारी किंवा आजारी माणसं असतील तर त्याहून जास्त ठेवा. बाहेर शून्य आणि आत २० असताना एक अंश कमी केला तर उष्णतेची गळती ५ टक्क्यांनी घटते, कारण गळती आतल्या-बाहेरच्या फरकाच्या प्रमाणात असते.

म्हणून माझं सांगणं असं: पाण्यावर आधारलेले सीलंट आणि बरेचसे फोम साधारण ५ अंशांखाली नीट बसत नाहीत, तेव्हा फटींचं काम येत्या काही आठवड्यांतच उरका, पाइप आणि ग्लासवूल त्यापाठोपाठ. पहिल्या खऱ्या थंडीच्या आठवड्यात एक थर्मामीटर माळ्यावरच्या पाइपांपाशी, एक कपाटामागे आणि एक बैठकीच्या खोलीत ठेवून पहाटेचे आकडे लिहून काढा. आहेत त्या हीटरवर खोली १८ च्या वर राहत असेल तर नवा घ्यायची गरज नाही. राहत नसेल तर त्या आकड्यांवरून किती वॅटचा हवा ते नेमकं काढता येईल, आणि तो आज तुमच्या मनात आहे त्याहून बराच लहान निघेल.